ध्रुवावरच्या तळाला एक डिश पुरणार नाही

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील तळासाठी पृथ्वीशी संपर्क ठेवायला तिच्याकडे रोखलेली एक मोठी डिश अँटेना पुरेशी आहे, असे एक मत मांडले जाते. ते मला पटत नाही. तिथून पृथ्वी कधीच डोक्यावर येत नाही. ती क्षितिजाच्या वर-खाली जेमतेम सहा-सात अंश सरकते आणि दर महिन्यातला साधारण पंधरवडा क्षितिजाखालीच राहते, म्हणजे तेवढा काळ थेट संपर्क होत नाही. मध्ये विवराची कड आली, तर हा काळ आणखी वाढतो. खानदेशातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या दऱ्यांमधल्या पाड्यांवर मोबाइलच्या रेंजसाठी टेकडी चढणे काय असते, हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून रिले उपग्रह, म्हणजे मध्ये राहून संदेश पुढे पोचवणारे उपग्रह, हवेतच. चीनने मार्च २०२४ मध्ये सोडलेला च्युएछ्याओ-२ हा असाच उपग्रह चंद्राभोवती अशा लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतो, ज्यात चंद्रापासूनचा दूरचा आणि म्हणून संथ टप्पा दक्षिण गोलार्धावर येत असल्याने संपर्क बराच वेळ टिकतो. चांद्रयान-३ च्या वेळीही चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरची (चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाची) रिले म्हणून सोय ठेवलेली होती. मात्र एकाच उपग्रहावर माणसांचा जीव टांगून ठेवणे मला मुळीच मान्य नाही. किमान दोन तरी असावेत.

तळाभोवतीच्या संपर्कासाठी लागणाऱ्या टॉवरचा मुद्दा तर या मतात राहूनच जातो. चंद्राची त्रिज्या सुमारे १,७३७ किलोमीटर असल्याने दहा मीटर उंच टॉवरवरून सपाट जमिनीवरसुद्धा क्षितिज सहा किलोमीटरच्या आतच संपते, त्यामुळे विवरात उतरणाऱ्या रोव्हरसाठी कडेवर वेगळा रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र) बसवावाच लागेल.