पहिला कॅमेरा घेताना कंपनी कशी ठरवली? आपापले अनुभव सांगावेत

हर्णैकर

गेल्या रविवारी भाची रत्नागिरीहून आली होती. जेवताना तिने विचारले, "मामा, साठवलेल्या पैशांतून कॅमेरा घ्यायचा आहे. निकॉन घेऊ, कॅनन घेऊ की सोनी?" उत्तर देण्याआधी मी कपाटातला स्टीलचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. त्यात निकॉनची 50 मिमीची जुनी 'डी' प्रकारची लेन्स आहे. ती मला थोरल्या भावाने दिली होती आणि ती हाताशी आहे एवढ्याच कारणाने मी 2011 मध्ये निकॉनची डी3100 घेतली. घरी येऊन लेन्स चढवली, बटण अर्धे दाबले आणि काहीच हलले नाही. त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. बॉडीतली, म्हणजे लेन्सशिवायच्या मूळ कॅमेऱ्यातली, मोटर एका बारीक दांडीने तिचा फोकस फिरवते आणि डी3100 मध्ये ती मोटरच दिलेली नव्हती. निकॉनचे माउंट (कॅमेऱ्याला लेन्स जोडायची खाच) 1959 पासून तेच आहे, हे ऐकून मी निर्धास्त होतो. पण लेन्स बसणे आणि लेन्स पूर्णपणे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानात कोणी सांगितले नाही.

पुढची दोन वर्षे बंदरावरच्या लिलावाचे फोटो मी हाताने फोकस करून काढले. व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला असे समजायचे. पण टोपलीतून सुरमई उचलणारा हात त्या ठिपक्यासाठी थांबत नाही. त्या काळातले निम्मे फोटो किंचित अस्पष्ट आहेत आणि त्यांतल्या काही होड्या आता बंदरात दिसतही नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. भाचीवर तशी वेळ येऊ नये, म्हणून विचारतो आहे.

सावंतवाडीची रात्र

मी कॅनन घेतला, कारण माझ्या मेव्हण्याकडे कॅनन होता. पुष्कळ जणांना हे कारण किरकोळ वाटेल. मला ते आजही सर्वांत भक्कम वाटते. मी जत्रांमधल्या दशावताराचे फोटो काढतो. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. एका जत्रेत ऐन युद्धाच्या प्रवेशात माझ्या 70डीची बॅटरी संपली. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलाकडे 60डी होता. दोन्हींना एलपी-ई6 हीच बॅटरी लागते, त्यामुळे त्याने आपली जादा बॅटरी काढून माझ्या हातात दिली आणि पुढचा सगळा प्रयोग मला मिळाला.

मोटरविषयी तुम्ही लिहिलेत ते पटले. कॅननने 1987 मध्ये ईओएस ही कॅमेऱ्यांची मालिका आणताना मोटर लेन्समध्येच घातली, त्यामुळे तिच्यासाठीची ईएफ लेन्स कुठल्याही ईओएस एसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) फोकस करते. मात्र त्यासाठी त्यांनी आधीचे एफडी माउंट सोडून दिले आणि ज्यांच्याकडे त्या लेन्स होत्या त्यांचा खर्च वाया गेला, हेही भाचीला सांगा.

आणखी एक गोष्ट. दशावतारातला काळ्या वेषाचा राक्षस संकासूर समोर आला की त्याच्या काळ्या कापडावर फोकस पुढे-मागे फिरत राहतो. मी आता त्याच्या कापडावर फोकस करतच नाही. काळे कापड आणि बाहेर काढलेला हात यांच्या कडेवर बिंदू ठेवतो. हा त्रास मी तिन्ही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर पाहिला आहे.

कातळवेडी

हर्णैकर काका, माझी निवड बॉडीवरून झाली नाही, एका लेन्सवरून झाली. आम्ही रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) कातळशिल्पे पाहत फिरतो. ही शिल्पे जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा आहे की त्याच्या कडेला उभे राहून साध्या लेन्समध्ये तो मावतच नाही. खूप रुंद कोनाची आणि परवडणारी लेन्स हवी होती. ती 2014 मध्ये कॅननने आणली, 10-18 मिमीची. निकॉनची तशीच 10-20 मिमीची लेन्स 2017 मध्ये आली, तोवर मी कॅननमध्ये स्थिरावले होते. शिवाय निकॉनची ती एएफ-पी प्रकारची लेन्स तुमच्या डी3100 वर फोकसच करू शकत नाही. म्हणजे मोटर लेन्समध्ये असूनही जुन्या बॉडीला ती चालवता येत नाही. घेण्याआधी प्रत्येक जोडी तपासावी लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

फोटोविषयी म्हणाल तर तिथे कंपनीपेक्षा वेळेला महत्त्व आहे. सूर्य नुकताच वर आलेला असताना तिरपा प्रकाश कोरीव रेषांत सावली धरतो. दहा वाजल्यानंतर तेच चित्र सपाट दगड दिसू लागते.

दापोलीकर

ताई, कशेळीला कुठल्या महिन्यात जावे?

कातळवेडी

पावसाळा सरल्यावर गवत वाळेपर्यंत थांबा. डिसेंबरपासून कातळ मोकळा दिसतो.

वाशिष्ठीकाठ

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिताना अजूनही जड जाते. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणात पाणी शिरले, तेव्हा माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ तळमजल्यावर होता. दोन बॉड्या, पाच लेन्स, फ्लॅश, सगळे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर एक लेन्स उचलली तर पुढच्या काचेच्या आत तांबूस गाळ हलताना दिसला. अठरा वर्षे मी एकाच कंपनीचे नाव घेत आलो होतो. त्या दिवसानंतर लक्षात आले की मला धरून ठेवणारे कंपनीचे नाव नव्हते, कपाटातल्या लेन्स होत्या. त्या गेल्या आणि मी कुठेही जायला मोकळा झालो.

मी जुन्या बाजारातून सोनीचा ए7 तीन घेतला. लग्नाच्या कामात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरणे मला आवश्यक वाटते. 2018 सालच्या त्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे. त्याच वर्षी आलेल्या कॅनन ईओएस आर आणि निकॉन झेड6 मध्ये एकाच कार्डाची जागा होती. कॅनन आणि निकॉनचे दोन कार्डांचे पुढचे कॅमेरे तेव्हा माझ्या ऐपतीबाहेर होते. दुसरे कारण लेन्सचे. सोनीने आपल्या ई-माउंटची माहिती 2011 मध्येच इतर कंपन्यांना खुली केली होती, त्यामुळे टॅमरॉन आणि सिग्माच्या लेन्स मुबलक मिळतात. टॅमरॉनची 28-75 मिमी माझ्या कॅमेऱ्यावरून क्वचितच उतरते.

आता सामान वरच्या मजल्यावर असते आणि त्याचा विमाही आहे. तेव्हा विमा नव्हता.

सावंतवाडीची रात्र

वाशिष्ठीकाठ, वाचून फार वाईट वाटले. जुन्या लग्नांचे फोटो वाचले का?

वाशिष्ठीकाठ

हार्ड डिस्क घरी होत्या, म्हणून वाचले. विचारलेत, बरे वाटले.

आंबोलीचा पाऊस

इथे अजून कोणी ऑलिम्पसचे नाव घेतले नाही, म्हणून लिहितो. जून-जुलैत आंबोलीत रात्री बेडकांचे फोटो काढायचे तर कॅमेरा भिजणारच. आंबोली टोड दोन बोटांच्या पेरांएवढा असतो आणि त्याच्यासाठी ओल्या कातळावर पोटावर झोपावे लागते. मी ऑलिम्पसचा ई-एम5 आणि 60 मिमीची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घेतली, कारण त्या काळी मला परवडणाऱ्या किमतीत बॉडी आणि लेन्स दोन्ही पाणीरोधक असलेली तेवढीच जोडी मिळाली. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक रिंग आहे का, हे दुकानात हात लावून पाहावे. बॉडी कितीही पक्की असली आणि लेन्सला ती रिंग नसली, तर पाणी तिथूनच आत जाते.

जानेवारी 2021 मध्ये ऑलिम्पसचा कॅमेरा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला, तेव्हा माझी झोप उडाली होती. पण मायक्रो फोर थर्ड्स हे माउंट 2008 मध्ये ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकने मिळून आणलेले आहे, त्यामुळे माझ्या लेन्स पॅनासॉनिकच्या बॉडीवरही चालतात. एखादे माउंट एकाहून अधिक कंपन्या वापरतात का, हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारतो.

दापोलीकर

बुरशीविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. आपल्या हवेत ती कुठल्याही कंपनीच्या काचेवर येते. माझ्याकडे विजेवर चालणारे कोरडे कपाट आहे आणि आतली आर्द्रता मी 45 टक्क्यांच्या आसपास ठेवते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा सगळ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवल्या. निळे खडे गुलाबी झाले की चुलीवर तव्यात मंद गरम करून पुन्हा निळे करून घेत होते. भाचीच्या हिशेबात डब्याचे आणि खड्यांचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा.

मालवण धक्का

दुरुस्तीचाही विचार करावा. माझ्या झूम लेन्समध्ये तारकर्लीची वाळू गेली आणि कडे फिरवताना करकर आवाज येऊ लागला. लेन्स स्वस्त मिळते म्हणून बिलाशिवाय घेतली होती. घाट चढून कोल्हापूरला गेलो, तिथून त्यांनी ती पुढे पाठवली आणि वॉरंटी नसल्याने खर्चाचा आकडा जवळजवळ नव्या लेन्सएवढा आला. पर्यटनाचा सगळा हंगाम हातातून गेला. स्वतःच्या नावाचे बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय काही घेऊ नये. आणि आपल्या गावाहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी त्या कंपनीचे काम कोण करतो, हे आधी विचारून घ्यावे.

हर्णैकर

सर्वांचे मनापासून आभार. भाचीला सगळे वाचून दाखवले. तिला पक्ष्यांचे आणि बंदराचे फोटो काढायचे आहेत. तिच्या कार्यालयातल्या दोघींकडे कॅनन आहे, त्यामुळे तिचा कल तिकडे आहे. येत्या शनिवारी आम्ही रत्नागिरीत दुकानात जाऊन तिन्ही बॉड्या तिच्या हातात देऊन पाहणार आहोत. सावंतवाडीकर, तुमच्या मेव्हण्यांकडे पक्ष्यांसाठी लांब लेन्स आहे का? असल्यास तिला एकदा वापरून पाहता येईल का?

सावंतवाडीची रात्र

आहे, 55-250 मिमी. पुढच्या जत्रेला तिला घेऊन या. दिवसा तळ्यावर पक्षी बघू आणि रात्री प्रयोगाला बसू. बॅटरी माझ्याकडे जादा आहे.