आईने सहा दिवस गोळी घेतली नाही, म्हणून टी७९०एम आला का?

नमस्कार. इथे वाचत बरीच वर्षं आहे, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आईला (वय ६३, आयुष्यात कधी सिगारेट नाही) फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा (एक प्रकारचा कर्करोग) आहे, चौथी स्टेज. ईजीएफआर (पेशीला वाढायचा निरोप देणारं प्रथिन) च्या जनुकात एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे एक छोटा तुकडा गळालेला, निघालं, म्हणून केमोऐवजी ईजीएफआर रोखणारं जेफिटिनिब २५० मिग्रॅ, रोज एक गोळी. दोन महिन्यांत गाठ निम्म्यावर आली, खोकला गेला, आई पुन्हा न थांबता जिना चढायला लागली. १४ महिने असे गेले. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली आणि यकृतात एक नवा ठिपका. रक्तातल्या डीएनएच्या तपासणीत टी७९०एम (ईजीएफआरमधला, जेफिटिनिब निकामी करणारा बदल) पॉझिटिव्ह आलं. आता ओसिमर्टिनिब ही नवी गोळी सुरू करणार आहेत.

मला खातंय ते वेगळंच. दहाव्या महिन्यात तिला जुलाब आणि नखांच्या कडा पिकण्याचा फार त्रास झाला होता. काल ड्रॉवर आवरताना त्या वेळची पट्टी हाती लागली, तर सहा गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणे, "पोटाला जरा विसावा दिला गं." डॉक्टरांना तिने सांगितलं नव्हतं, मलाही नाही. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला की जंतू निर्ढावतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथेही तसंच झालं का? गोळ्या मी मोजायला हव्या होत्या का? आणि नवी गोळीही अशीच निकामी होणार का?

डॉक्टरांच्या पाच मिनिटांत हे विचारायचा धीर झाला नाही.

प्रतिसाद १
माझ्या काकांना हेच झालं होतं, आणि त्यांची एकही गोळी चुकली नव्हती. बाकी जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद २
मी कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. तेव्हा उपचाराबद्दल बोलणार नाही, पेशींबद्दल बोलते.

सहा दिवसांच्या खंडाने टी७९०एम तयार होत नाही. तो म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराची चूक: ईजीएफआर जनुकात २३६९व्या जागी सी ऐवजी टी. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा असल्या चुका होतात. गोळी चालू असो वा नसो. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी धरतात. तेवढ्या व्हायला निदान तेवढीच विभाजनं होतात. एका विभाजनात नेमकं तेच अक्षर चुकण्याची शक्यता अब्जात एक किंवा त्याहूनही कमी असली, तरी एवढ्या विभाजनांत ती चूक कुठेतरी होऊन गेलेली असणं अगदी शक्य आहे. म्हणजे पहिली गोळी घेतली त्या दिवशीच अशा मूठभर पेशी गाठीत असू शकतात. गोळीने बाकीच्या मारल्या, यांना मोकळं रान मिळालं. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर हेच दाखवलं होतं: प्रतिकार करणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडण्याआधीच तयार झालेले असतात.

दुसरी वाटही आहे. काही पेशी गोळीखाली मरत नाहीत, वाढतही नाहीत, नुसत्या दबा धरून बसतात, आणि पुढे त्यांच्यात हा बदल येतो. पण या दोन्ही वाटांनी अशा पेशी वरचढ व्हायला गोळी चालू असावी लागते. बंद असताना तर साध्या पेशींनाही वाढायला मुभा मिळते. म्हणूनच परस्पर बंद करू नये म्हणतात. काही रुग्णांत गाठ झपाट्याने उसळते. ते सहा दिवस धोक्याचे होते, पण टी७९०एमचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. जेफिटिनिब आधी लागू पडून नंतर निकामी ठरलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिकांत हाच बदल सापडतो.

आता नव्या गोळीचं. जेफिटिनिब आणि एटीपी (पेशीतलं इंधन) दोघंही ईजीएफआरच्या एकाच खोबणीसाठी भांडतात. या प्रथिनाच्या साखळीत ७९०व्या जागी थ्रिओनीन हे अमिनो आम्ल जाऊन मेथिओनीन आलं की खोबणीला एटीपी जास्त आवडू लागतो आणि औषध बाहेर ढकललं जातं. ओसिमर्टिनिब तिथल्या ७९७व्या सिस्टीन या अमिनो आम्लाला रासायनिक बंधाने कायमचं चिकटतं, मग एटीपीची डाळ शिजत नाही. पुढे त्या सिस्टीनच्या जागी सेरीन आलं (रिपोर्टमध्ये सी७९७एस दिसेल) तर तो बंध जुळत नाही. कधी पेशी मेट या वाढीच्या दुसऱ्या जनुकाच्या प्रती वाढवून ईजीएफआरला वळसाच घालते. क्वचित गाठ स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वेगळ्या प्रकारात बदलते, आणि ते रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत सहसा कळत नाही, गाठीचा तुकडाच काढून तपासावा लागतो. तेव्हा हो, बहुतेकांत कधीतरी तेही औषध थकतं. किती दिवसांनी, हे आईच्या बाबतीत कोणीच सांगू शकणार नाही.

प्रतिसाद ३
जुलाबांचं मात्र डॉक्टरांना सांगाच, गोळ्या राहिल्या तेही. त्यावर औषध असतं, डोसही बदलता येतो. आणि आई आम्लपित्ताची गोळी घेत होती का? पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब नीट शोषलं जात नाही.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. प्रतिसाद २ आईला वाचून दाखवला. "मूठभर पेशी" वर थांबवलं आणि म्हणाली, "म्हणजे आधीपासूनच होत्या ना?" मग जेवायला बसली.

आम्लपित्ताची गोळी घेत होती. रोज, सकाळी, जेफिटिनिबच्या बरोबरच. हे कोणी विचारलंच नव्हतं. सोमवारी भेट आहे, पट्टी पर्समध्ये ठेवली आहे.