विषय: लातूरच्या घरचा गॅस गिझर – बोअरच्या पाण्याचा क्षार घरीच काढता येईल का?

प्रेषक: मंडळ सदस्य, डॅलस (गाव लातूर)

नमस्कार मंडळी,

आई-बाबांकडं ६ लिटरचा गॅस गिझर आहे, चार वर्षांचा. नळ आठ-दहा दिवसाला येतो, बाकी सगळं बोअरवर. आता गरम पाण्याची धार करंगळीएवढी यायलीय. गिझर पेटायलाय आन दोन-तीन मिनिटांत विझायलाय, आतून खदखदल्याचा आवाज येतो. सेल बदलून झाले. मेकॅनिक म्हणतोय, संडासचं ॲसिड घालून दहा मिनिटांत मोकळा करतो. करू द्यावं का? पुढच्या आठवड्यात मी गावी आहे, सामान सांगितलं तर स्वतः करेन.

प्रेषक: मंडळ सदस्य, ह्यूस्टन (गाव उदगीर)

ताई, ते ॲसिड अजिबात घालू देऊ नका. ते हायड्रोक्लोरिक. क्षार झटक्यात विरघळवतं हे खरं, पण गिझरचा वॉटर व्हॉल्व्ह पितळी असतो, त्यातलं जस्त ते खातं. कॉइलचे (ज्या तांब्याच्या नळीत पाणी तापतं तिचे) झाळलेले जोड कमजोर करतं, आतला रबरी पडदा कडक होतो. गिझर त्या दिवशी छान चालतो आणि पुढं सहा महिन्यांत गळायला लागतो. शिवाय बाथरूममध्ये ब्लीचिंग पावडर सांडलेली असली तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. तो जीवावर बेतू शकतो.

लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घ्या, किराणा दुकानात सुटं मिळतं. ८ लिटर पाण्याला ४०० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. आणखी ४०० ग्रॅम जवळ ठेवा, कारण एका बादलीत काम होणार नाही. हिशोब सांगते. बोअरच्या पाण्यातून लिटरमागे २० मिलिग्रॅम क्षार जरी कॉइलमध्ये राहिला, तरी रोज १०० लिटरला २ ग्रॅम होतो. वर्षाला पाऊण किलोच्या जवळ. ४०० ग्रॅम लिंबूसत्त्व फार तर २८५ ग्रॅम क्षार विरघळवतं, तेही कागदावर.

पण आधी क्षारच आहे का ते बघा. गिझरकडं येणारा पाइप सोडून बादलीत धरा आणि मिनिटाला किती लिटर भरतं ते मोजा. मग पाइप जोडून गरम पाण्याच्या तोंडाशी मोजा, गॅस बंद ठेवून. आधी ८ आणि नंतर ३ भरलं तर अडथळा गिझरमध्ये आहे. गिझरमध्ये पाणी जिथून आत येतं त्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून जुन्या टूथब्रशनं घासा. बऱ्याचदा टाकीतला गाळ तिथंच अडकलेला असतो आणि पुढचं काही करावंच लागत नाही. तुमच्याकडं खदखद आहे म्हणजे कॉइलमध्ये क्षार धरलाय. थराखाली तांबं जास्त तापतं, पाण्याचे बुडबुडे तिथंच फुटतात, तो आवाज. धार बारीक झाली की रबरी पडद्याला पुरेसा दाब मिळत नाही, स्विच सुटतो, ज्योत विझते. (बरोबर २० मिनिटांनी विझत असेल तर तो दोष नाही. बऱ्याच गिझरना तेवढा टायमर असतोच.)

लिंबूसत्त्वाचं पाणी कॉइलमधून फिरवायला पंप लागतो, पण तो विकत घेऊ नका. कूलरमधला १८ वॅटचा पंप काढा. मात्र तो दीड मीटरच्या वर पाणी नीट चढवत नाही, म्हणून बादली उंच स्टुलावर, गिझरच्या जवळ ठेवायची. बादली प्लास्टिकचीच.

सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, पाण्याचा कॉक बंद. खालचा ड्रेन प्लग उघडून आतलं पाणी काढा, मग प्लग परत लावा. दोन्ही कनेक्शन पाइप पान्यानं सोडा, वायसर वाटीत ठेवा. पंपाची नळी थंड पाण्याच्या तोंडाला क्लिपनं घट्ट बसवा, गरम पाण्याच्या तोंडाची नळी परत बादलीत. उलट दिशेनं फिरवू नका, सुटलेल्या खपल्या वॉटर व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. परतीच्या नळीखाली चहाची गाळणी धरा. पाच-दहा मिनिटांत तिच्यात राखाडी-पांढरी रवाळ कणी जमायला लागते आणि बादलीत फेस येतो. ४५ मिनिटं ते तासभर फिरू द्या. पंपाचा प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालायचा नाही.

फेस १५ मिनिटांतच थांबला तर दोन शक्यता: क्षार संपला, नाहीतर आम्ल संपलं. शहाबादी फरशीचा तुकडा घ्या, त्यावर बादलीतलं थोडं पाणी टाका. बारीक बुडबुडे आले तर आम्ल जिवंत आहे. नाही आले तर ते पाणी ओतून दुसरं ४०० ग्रॅम कालवा. पाणी कोमट चालेल, कढत नको. कढत पाण्यात कॅल्शियम सायट्रेट (क्षार आणि लिंबूसत्त्व मिळून तयार होतं ते) आणखी कमी विरघळतं आणि एक थर काढून दुसरा बसतो. पाण्याला किंचित निळसर झाक आली तर हरकत नाही, गडद निळं व्हायला लागलं की लगेच थांबवा, तांबं विरघळायला लागलंय.

शेवटी साधं पाणी दहा मिनिटं सोडा. जाळी पुन्हा धुवा, टेफ्लॉन टेप लावून पाइप जोडा, गळती बघा, मग सेल आणि सगळ्यात शेवटी गॅस.

प्रेषक: मंडळ सदस्य, लातूर

ह्यूस्टनच्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. दोन गोष्टी जोडतो.

फरशीवर प्लास्टिक अंथरा. आपल्याकडच्या घरांत शहाबादी असते, ती चुनखडीच. ज्या तुकड्यावर तपासणी करायची त्याच जातीची जमीन पायाखाली आहे. सांडलं तर पांढरा डाग पडतो, तो घासून जात नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं, क्षार मुळात बसतो कशामुळं. आपलं बोअरचं पाणी काळ्या खडकातलं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट. तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते ह्याच्यामुळंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण हा हिशोब पोटाचा झाला, कॉइलचा नाही. पाणी ६० अंशांच्या पुढं तापलं की बायकार्बोनेट भराभर फुटून चुना खाली बसतो.

६ लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. थंडीत २० अंशांचं पाणी ४५ होतं, अंघोळीला पुरतं. पण घरोघरी काय करतात? गॅसचं बटन पूर्ण, पाण्याचं बटन कमी, आणि बादलीत वरून थंड ओततात. पाणी ३ लिटरवर आणलं की तेच २० अंशांचं पाणी ७० ला जातं. क्षार तिथं बसतो. गॅस कमी ठेवा, पाणी पूर्ण सोडा, थंड मिसळायची गरजच पडू देऊ नका. एवढं जरी बाबांना सांगितलं तरी निम्मं काम होईल.

नळाचं पाणी धरणाचं, त्यात क्षार बराच कमी. गच्चीवर २०० लिटरची वेगळी टाकी ठेवून फक्त गिझरला नळाचं पाणी दिलं तर सगळ्यात उत्तम. टाकी गिझरच्या वर अडीच-तीन मीटर तरी हवी, नाहीतर पेटणारच नाही.

प्रेषक: मंडळ सदस्य, न्यू जर्सी (गाव परभणी)

इथल्या भिंतीवरच्या टँकलेस (पाणी साठवायची टाकी नसलेल्या) हीटरलाही हीच कृती का? आणि व्हिनेगर चालतं का?

प्रेषक: मंडळ सदस्य, ह्यूस्टन

दादा, तत्त्व तेच, पण इथं पाइप सोडावे लागत नाहीत. खाली सर्व्हिस व्हॉल्व्हची जोडी असते, तिला वॉशिंग मशीनच्या नळ्या लागतात. दोन्ही मुख्य कॉक बंद करायचे, १५ लिटर पांढरं व्हिनेगर पाणी न घालता, तासभर. पंप मात्र मिनिटाला १५ लिटर फिरवणारा हवा, कूलरचा पुरणार नाही. रिनाई कंपनीच्या हीटरवर एलसी अक्षरं दिसली तर ती क्षाराचीच खूण. लातूरला व्हिनेगर महाग पडतं, तिथं लिंबूसत्त्वच बरं.

प्रेषक: मंडळ सदस्य, डॅलस

सगळं लिहून घेतलं. किती दिवसांनी करायचं? आणि क्षार बसू नये म्हणून पॉलिफॉस्फेटच्या गोळ्यांचा फिल्टर लावू का?

प्रेषक: मंडळ सदस्य, लातूर

बोअरवर वर्षातून दोनदा. दिवाळीआधी एकदा, होळी झाल्यावर गिझर बंद करताना एकदा, आणि तेव्हा ड्रेन प्लग उघडून कॉइल रिकामी ठेवायची. उन्हाळाभर आत पाणी साचलं तर थर घट्ट होतो.

गोळ्यांचा फायदा होतो, पण पाणी फार तापवलं की त्यांचा असर जातो, म्हणून आधी बटनाची सवय बदला. गोळ्या विरघळून निम्म्यावर आल्या की भराव्या लागतात.

एक राहिलं. लिंबूसत्त्वाचं पाणी कॉइलमधून थेंबभरही पुढं जात नसेल तर पंपाचा जोर वाढवू नका. मेकॅनिककडून कॉइल काढून घ्या आणि रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा. साफ झाल्यावर गळायला लागली तर तिला आधीच भोक पडलेलं होतं, क्षारानं ते बुजलं होतं. झाळू नका, कॉइल नवीन बसवा. आणि गॅस सुरू केल्यावर ज्योत निळी आहे का ते बघा. पिवळी, काजळी धरणारी असली तर तो क्षाराचा विषय नाही, बर्नरचा आहे. गिझर ताबडतोब बंद करा. बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर ह्याच फेरीत बाहेर गॅलरीत काढून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.