बोट बंदराला लागली की फेरीवाले: तुमचे अनुभव लिहा

निळीशाई:
काल जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर नाईल क्रूझचा व्हिडिओ टाकला आणि सगळं परत आठवलं. लक्झरहून अस्वानला जाताना एस्नाला लॉक लागतं, म्हणजे पाण्याची पातळी कमीजास्त करून बोट पुढे सोडणारे दरवाजे. पुढे बोटींची रांग, त्यामुळे आपला नंबर येईपर्यंत बोट जवळजवळ उभीच. तेवढ्यात छोट्या होड्या येऊन बोटीला दोर अडकवतात आणि खालून हाका सुरू, "मॅडम! इंडिया! अमिताभ बच्चन!"

आम्ही सगळ्यात वरच्या डेकवर चहा घेत होतो. सासूबाईंच्या पायाशी धप्पकन पिशवी पडली. आत गलाबिया, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा. आवडला तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे, नाहीतर झगा परत फेकायचा. सासूबाईंना वाटलं कुणाचं तरी सामान पडलं, म्हणून त्या नीट घडी घालून ठेवायला लागल्या. खालच्याला वाटलं गिऱ्हाईक पटलं! मग काय, तीस डॉलरवरून सुरू झालेला भाव आठवर येईपर्यंत त्याने पिच्छा सोडला नाही. त्यांना पक्कं ठाऊक असतं की बोटीवर एका रात्री गलाबिया पार्टी असते आणि निम्म्या लोकांकडे घालायला काही नसतं.

फेकणारा मुलगा सोळा-सतराचा असेल. बोटीच्या लाटांनी होडी एवढी हलत होती, तरी एक पाय गाठोड्यावर रोवून उभा, आणि नेम एकदाही चुकला नाही. मागे वल्हं धरलेला त्याचा बाप असावा. मला त्या आरडाओरड्याचा खरंच त्रास झाला आणि त्या पोराचं मनापासून कौतुकही वाटलं. तुम्ही अशा वेळी काय करता? समोरच्याचा अपमान न करता नाही कसं म्हणता? लिहा.

घाटमाथा:
एडफू!!! त्याच नाईल क्रूझवरचा थांबा. पहाटे बोटीतून उतरलो तर घोडागाड्यांची झुंबड. देवळाच्या वाटेवर एकाने बायकोच्या खांद्यावर स्कार्फ टाकला, "गिफ्ट, गिफ्ट". ती काढून देतेय, तो घेईना. शेवटी गाइडने अरबीत काहीतरी सांगितलं तेव्हा सुटलो. हातात काही घ्यायचंच नाही हा एकच नियम. होरस या इजिप्शियन देवाचं ते देऊळ इ.स.पू. २३७ ला बांधायला घेतलं आणि इ.स.पू. ५७ ला पुरं झालं. एकशे ऐंशी वर्षांचं काम आम्ही पाऊण तासात उरकलं, कारण बोट सुटणार होती. घोड्यांच्या बरगड्या दिसत होत्या, ते मात्र बघवलं नाही.

साधीसुधी:
गलाबियाचा रंग जातो का हो? आमच्याकडचा लाल अजून धुतला नाहीये

निळीशाई:
साधीसुधी, वेगळाच भिजव. मीठ टाकून.

डेकवरून:
मी मर्चंट नेव्हीत. आमच्याकडे उलटं असतं, आम्ही उतरत नाही, दुकानच वर चढतं. सुएझ कालवा पार करताना बोट बांधायला लागली तर म्हणून तिथले मूरिंगवाले आपल्या होडीसकट जहाजावर घेतात. काम निघालं तर निघालं, नाहीतर पॅसेजमध्ये चादर पसरून बाजार. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाच्या पट्ट्यांचा कागद, पितळी पिरॅमिड, अत्तराच्या बाटल्या, कसले कसले चार्जर. कालवा संपेपर्यंत तेही हलत नाहीत आणि आपणही. नव्या पोरांना सांगतो, पपायरस उजेडासमोर धरून बघा, आडव्या-उभ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत, आणि वाकवल्यावर तडकला नाही पाहिजे. केळीच्या पानाचाही खपवतात.

जुनीपेटी:
डेकवरून यांचं वाचून आजोबा आठवले. पन्नासच्या दशकात शिकायला बोटीने विलायतेला गेले होते. सुएझच्या तोंडाशी पोर्ट सैदला बोट थांबली की खाली होड्यांचा बाजार भरायचा, माल टोपलीतून दोरीने वर यायचा. जादूवाले थेट डेकवर यायचे, "गली गली गली" म्हणत लोकांच्या खिशातून कोंबडीची पिल्लं काढायचे. आजोबा आम्हा नातवंडांना तसंच करून दाखवायचे, पिल्लाऐवजी लिंबू. फार गोड माणूस होता. विषय सोडून लिहिलं, पण राहवलं नाही.

किचनमधून:
छान लिहिलंय जुनीपेटी 😊
आमचं कोचीला. मुंबईहून क्रूझ होती. वेलिंग्डन आयलंडला बाहेर पडताच रिक्षावाले. एकाने फारच स्वस्तात मट्टनचेरी फिरवतो म्हटलं आणि सरळ मसाल्याच्या एम्पोरियममध्ये नेलं. "फक्त पाच मिनिटं बघा, घेऊ नका." आपण आत गेलो की त्याला कमिशन. तिसऱ्या दुकानाला मी त्याला म्हटलं, दादा, तुझं कमिशन किती ते सांग, मी देते, पण मला ज्यू टाउन बघायचंय. हसला आणि घेऊन गेला. कुकर झाला, येते परत

राजबंदर:
मी घारापुरीची. आईचा लेण्यांच्या पायऱ्यांवर स्टॉल आहे, माळा, दगडी हत्ती, टोप्या. तुम्ही सगळे बोटीवरून लिहिताय म्हणून खालून लिहिते. परदेशी क्रूझ मुंबईला लागली की गेटवेवरून तासाभरात त्यांचे ग्रुप बेटावर येतात. गाइड पुढे, झेंडा वर. आईसमोरून ग्रुप जातो किती वेळ, एक मिनिट? तेवढ्यात हाक मारली नाही तर तो दिवस गेला. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात लाँच बंद पडल्या की काहीच नाही. समुद्राखालून केबल टाकून आमच्याकडे वीज आली ती २०१८ मध्ये, तोवर संध्याकाळी जनरेटर. आई शंभरदा "मॅडम लूक, नो बाय" म्हणते तेव्हा मला लहानपणी लाज वाटायची, आता नाही वाटत. तिला नाही म्हटलेलं चालतं. बघून न बघितल्यासारखं केलेलं लागतं.

घाटमाथा:
राजबंदर, थांबून वाचलं. आईंना नमस्कार सांगा.

निळीशाई:
राजबंदर, याच्यासाठीच धागा काढला असं वाटलं. इजिप्तमध्ये गाइडने शिकवलं होतं, उजवा हात छातीवर ठेवून, डोळ्यांत बघून "ला, शुक्रान", म्हणजे "नको, धन्यवाद", म्हणायचं. दहातले आठ जण हसून बाजूला व्हायचे.

हिशेबनीस:
पैशाचं एक सांगतो. "फाइव्ह, फाइव्ह" म्हणतात, तुम्ही इजिप्शियन पाउंड समजता, द्यायच्या वेळी ते डॉलर निघतात. आधीच चलन बोलून घ्या. आणि राजबंदर म्हणतात ते तिथेही तसंच आहे. इजिप्तला २०१० मध्ये जवळपास दीड कोटी पर्यटक आले होते. २०११ ची क्रांती, मग हल्ले, २०१६ ला आकडा चोपन्न लाखांच्या आसपास. नाईलच्या कितीतरी बोटी नुसत्या बांधून ठेवलेल्या होत्या. ज्याचं पोट तेवढ्यावरच, तो गळ्यात पडणारच. तरी मी भाव करतो. दोघांनाही परवडेल तिथे थांबतो.

किचनमधून:
आले. राजबंदर, आईंचा स्टॉल कुठल्या बाजूला? जानेवारीत नणंद येतेय अमेरिकेहून, तिला घेऊन येणार आहे.

राजबंदर:
मिनी ट्रेनमधून उतरून पायऱ्या चढायला लागलात की डावीकडे, कैरी-बोरंवाल्या मावशींच्या पुढे. माकडांपासून पाण्याची बाटली सांभाळा 🙏

साधीसुधी:
डिसेंबरात आईबाबांना घेऊन नाईल करतेय. आईचे गुडघे दुखतात. कोम ओम्बोच्या देवळाला किती चालायचं? घोडागाडी लागते का?

हिशेबनीस:
नाही लागत, बोट देवळाजवळच लागते. अस्वानच्या फिले देवळाला मात्र मोटरबोटीत चढउतार आहे, ते बेटावर आहे, तिथे आईंचा हात धरा. त्या बोटीतच माळा विकणारे येतात, सुटे पैसे जवळ ठेवा.

साधीसुधी:
थँक्यू दादा. मीठ टाकून भिजवलाय लाल, रंग सुटतोय चांगलाच