पोहण्याच्या क्लबासाठी मदत

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यात दिव्यांगांसाठी स्वयंसेवक चालवत असलेल्या आपल्या पोहण्याच्या क्लबाला मंडळाने यंदा मदत करावी, असे कार्यकारिणीत ठरले आहे. दंडाला बांधायचे फुगे आणि रबरी रिंगा इथून पाठवण्याचा विचार आहे. वेगळे काही हवे असल्यास कृपया मोकळेपणाने कळवावे.

आपला,
चिटणीस


चिटणीस महोदय, सप्रेम नमस्कार.

मंडळाचे मनापासून आभार. मात्र फुगे आणि रिंगा पाठवू नयेत, अशी विनंती आहे. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून लंडनच्या हॅलिविक शाळेतील मुलींना शिकवताना बसवलेली पद्धत आम्ही वापरतो. तिच्यात एका पोहणाऱ्यामागे एक मदतनीस असतो आणि तरंगण्याची साधने टाळली जातात, कारण फुग्यांनी शरीर एकाच स्थितीत अडकवले की तोल स्वतः सावरण्याची सवय लागत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असलेले मूल उताणे झाले की मदतनीस त्याच्या पाठीखाली तळवा नुसता टेकवतो, त्याला धरून ठेवत नाही, आणि मूल स्थिरावेल तसतसा हात काढून घेतो. हा आधार हळूहळू कमी करत जाणे, हेच आमचे खरे शिकवणे आहे.

निधी द्यायचाच असेल, तर चाकाच्या खुर्चीवरून पाण्यात उतरवणाऱ्या यांत्रिक आसनासाठी द्यावा. सध्या आम्ही माणसांना उचलूनच उतरवतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना कमरेखाली वेदना कळत नाही, काठाच्या फरशीने खरचटले तरी ध्यानात येत नाही आणि ती जखम भरायला फार वेळ लागतो. म्हणून काठावर गादी अंथरावी लागते. तलावाला उतार हवा आहेच, पण त्यासाठी देणगी खर्च करू नये; क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकली आहे आणि आम्ही ती मागणी लावून धरू.

१९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. काही पालक त्यांचे नाव घेऊनच येतात आणि आम्हालाही त्याचा अभिमान वाटतो. तरीही पदकाच्या आधी मुलाला पाण्यात निर्धास्त वाटावे, यावर माझा भर आहे.

सर्वांत मोठी गरज माणसांची आहे. सुटीवर पुण्यात आलेल्या मंडळाच्या सभासदांनी एखादा रविवार येण्यापेक्षा, पुण्यातील आपल्या भावंडांना किंवा निवृत्त नातेवाइकांना वर्षभर नियमित येण्याविषयी विचारावे, कारण दर वेळी नवा हात आला तर मूल अंग सैल सोडत नाही. येणाऱ्याला पोहता येणे पुरेसे आहे. बाकीचे आम्ही शिकवू.

आपली,
क्लबाची समन्वयक