क्षुल्लक महाराजांवर लाल रेघ : मठ, बस्ती, कॉन्व्हेंटचे शब्द आपण कुणाचे वापरायचे?

साळमास्तर (चिकोडी तालुका)

सहावीला सहलीचं वर्णन लिहायला दिलं होतं. एका मुलीनं लिहिलं, "बसदीत क्षुल्लक महाराज होते. त्यांनी आमची नावं विचारली." बसदी म्हणजे जैन मंदिर. वही माझ्याकडे यायच्या आधी दुसऱ्या एका गुरुजींच्या हाताखालून गेली होती. 'क्षुल्लक'खाली लाल पेनानं दोन रेघा आणि समासात शेरा : "अपमानकारक शब्द. धर्मगुरू लिही." मुलगी जैन घरातली. जो शब्द तिच्या आजीच्या तोंडी रोज असतो तोच तिनं लिहिला होता. वही परत घेताना ती शेरा अंगठ्यानं झाकून उभी राहिली. ते बघवलं नाही म्हणून हा धागा काढतोय.

दिगंबर परंपरेत गृहस्थ श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे पायऱ्या असतात. अकराव्या पायरीवर क्षुल्लक आणि ऐलक. क्षुल्लकांकडे लंगोटी आणि अंगावर एक वस्त्र, ऐलकांकडे नुसती लंगोटी, आणि तीही सुटली की मुनी. स्त्रियांमध्ये क्षुल्लिका आणि आर्यिका. शब्दाचा मूळ अर्थ 'लहान' एवढाच. मुनिपदाच्या अलीकडची म्हणून ती लहान पायरी. पुण्या-मुंबईच्या मराठीत त्याचा अर्थ 'किरकोळ' असा उरला, यात त्या मुलीचा काय दोष?

आणि हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यात व्हावं! आचार्य शांतिसागर भोजचे. आचार्य विद्यानंद शेडबाळचे. ते १९४६ ते १९६३ अशी सतरा वर्षं क्षुल्लक होते, तेव्हा त्यांचं नाव पार्श्वकीर्ती. आचार्य विद्यासागर सदलग्याचे. ज्या मातीतून हे तीन आचार्य निघाले तिथल्या मराठी शाळेत 'क्षुल्लक' ही शिवी ठरते.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पंथाची गोष्ट लिहितो त्या पंथाचा शब्द वापरावा. स्वामीजी, मुनी, फादर, मौलाना या सगळ्यांना 'धर्मगुरू' म्हणून एका पोत्यात भरू नये. शिक्षणाच्या शब्दांचंही तेच. 'मठ' म्हटलं की आपल्याला गादी आणि पालखी दिसते. पण अमरकोशात मठाचा अर्थ दिलाय 'छात्रादिनिलय', म्हणजे विद्यार्थ्यांचं राहण्याचं ठिकाण. बेळगाव-धारवाडकडं 'सालीमठ' आडनाव घरोघरी आढळतं. इकडच्या कन्नडात साली म्हणजे शाळा, आपली खेड्यातली 'साळ'च ती. बेळगावात नागनूर रुद्राक्षी मठाचं प्रसाद निलय आहे. गरीब पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय तिथं मठ करतो. त्याला 'वसतिगृह' म्हटलं की खोली आणि खाट कळते, पण पानातलं अन्न म्हणजे प्रसाद हे कळत नाही.

हे शब्द आपण सोडून द्यायचे का?

जुना वाचक (टिळकवाडी)

मास्तर, त्या मुलीपुरतं शंभर टक्के तुमच्या बाजूनं. शेरा चुकीचाच होता, तो मागे घ्यायला हवा. पण त्यावरून तुम्ही जो नियम काढलात तो मला पटत नाही आणि घातकही वाटतो.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाची कन्नड पत्रिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. पत्रिकेत 'कुलपती' होतं. मी तसंच ठेवलं. मराठी मंडळींनी वाचलं आणि गावभर झालं की राज्यपाल येणार! कारण महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठ रोज चालवणारे ते कुलगुरू. कर्नाटकात राज्यपालांना कुलाधिपती म्हणतात आणि कुलपती म्हणजे आपले कुलगुरू. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, तेव्हापासून हा घोळ दर पदवीदानाला ऐकतो. कुलसचिव तेवढे दोन्हीकडे एकच. आता 'तिथला शब्द तसाच ठेवा' हा तुमचा नियम लावला तर वाचकाला चुकीची माहिती जाते. भाषांतर करणाऱ्याचं काम शब्द उचलून आणणं नाही, अर्थ पोचवणं आहे.

दुसरं, आपल्या मराठी शाळांची अवस्था तुम्ही रोज बघता. पटावर किती मुलं उरली आहेत ते मी सांगायला नको. फलक कन्नडात, अर्ज कन्नडात, बसची पाटी कन्नडात. पोराला मराठी मिळते ती वर्गात आणि पेपरात. तिथंही आपणच 'प्रांशुपाल', 'पदवीपूर्व', 'प्रसाद निलय' लिहायला लागलो तर प्राचार्य, कनिष्ठ महाविद्यालय, वसतिगृह हे शब्द त्यानं ऐकायचे कुठं? उद्या तो कोल्हापूरला शिकायला गेला की त्याची मराठी परकी ठरते. मी स्वतः ते भोगलंय. १९७० च्या आसपास कोल्हापुरात 'मी पी.यू. केलं', म्हणजे पदवीपूर्व, असं म्हणालो की पोरं विचारायची, "म्हणजे काय रे?"

निपाणीची लेक

दोघांचंही वाचलं. काका, एक सांगू? तुम्ही आमचे शब्द कन्नडच्या खात्यावर टाकून मोकळे होता. आम्ही लिंगायत, घरात मराठी. माझ्या सासूबाईंना कन्नडातलं एक वाक्य धड येत नाही. पण श्रावणात घरी येतात ते 'अय्या'. त्यांचे पाय धुतात, तीर्थ घेतात. त्यांना 'पुरोहित' म्हणा असं सासूबाईंना सांगून बघा. हा शब्द आमच्या स्वयंपाकघरात मराठीच आहे.

आणि मास्तर, तुम्हीही सगळ्यांना 'स्वामीजी' म्हणून मोकळे झालात. गावचा मठपती वेगळा. तो संसारी असतो, लग्नाकार्याला, मयताला येतो. विरक्त मठाचे स्वामी वेगळे, ते लग्न करत नाहीत. पंचपीठांचे जगद्गुरू वेगळे : रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल, काशी. विरक्त परंपरा आणि पंचपीठांची पंचाचार्य परंपरा यांच्यात काय मतभेद आहेत हे आमच्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पेपरात मात्र सगळ्यांचं एकच, 'मठाधीश'.

पण काकांचा एक मुद्दा मला लागला. कन्नडात गादीवर पुढं बसणाऱ्या लहान स्वामींना 'मरी' म्हणतात, मरी म्हणजे पिल्लू, लेकरू. तिकडं तो मायेचा शब्द. मराठीत मरी म्हणजे पटकी, मरीआई. तो तसाच छापला तर वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. आमच्या घरात 'धाकटे स्वामी' म्हणतात. मराठी बोलणाऱ्या लिंगायतांना शब्द सापडत नाहीत असं नाही. आम्हाला कुणी विचारतच नाही.

उपसंपादक

रात्री अकराला पान लावणाऱ्याची अडचण मांडतो. व्यासपीठावर एक स्वामी, एक मुनी, एक बिशप, एक मौलाना. मथळ्यात चार शब्दांची जागा. 'सर्वधर्मीय धर्मगुरू' लिहिल्याशिवाय गत्यंतर नसतं. तिथं हा शब्द चूक नाही. बातमीच्या आत मात्र ज्याचं पद त्याला मिळायला हवं हे मान्य, आणि तिथं आम्ही कमी पडतो हेही मान्य. मौलाना, हाफिज, मुजावर यांत फरक न करता छापलेल्या बातम्या मीच सोडल्या आहेत. दर्ग्याची व्यवस्था बघणाऱ्या मुजावरांना 'मौलाना' छापलं, दुसऱ्या दिवशी ते स्वतः कचेरीत आले. रागावले नाहीत. "मी शिकवत नाही हो, मी झाडलोट करतो, चादर बघतो" एवढंच म्हणाले.

कॅम्पातला

मी कॅथलिक, घरी कोकणी आणि मराठी दोन्ही. एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाही. 'धर्मगुरू' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा नेमका शब्द आहे. वसईकडे फादरना धर्मगुरू म्हणतात, सिस्टरना धर्मभगिनी, डायोसीजला धर्मप्रांत. आमचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. इथं बोलताना आम्ही 'फादर'च म्हणतो, पण मराठीतलं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं की धर्मगुरू येतातच. तो शब्द सगळ्यांना वाटून टाकला की आमच्याकडे काय उरलं?

'कॉन्व्हेंट'चं तर विचारू नका. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचं राहतं घर. त्यांनी शेजारी शाळा काढली म्हणून शाळेला ते नाव पडलं. आता गल्लीतल्या दोन खोल्यांच्या इंग्रजी बालवाडीलाही कॉन्व्हेंट म्हणतात. बेळगावातली सेंट पॉल्स ही १८५६ सालची मुलांची शाळा, जेसुइट म्हणजे येशूसंघीय फादरांची. तिलाही लोक माझ्यासमोर 'कॉन्व्हेंट' म्हणतात. माझ्या वडिलांना याचा फार त्रास व्हायचा. ते दरवेळी थांबून समजावून सांगायचे.

जुना वाचक (टिळकवाडी)

कॅम्पातल्या मित्रा, हे मला माहीत नव्हतं. मी 'धर्मगुरू' हा सर्वांना चालणारा, कुणाचाच नसलेला शब्द समजत होतो. इथं माझी बाजू पडते.

निपाणीच्या ताई, 'अय्या'सारखे तुमच्या घरातले शब्द मी कन्नडच्या खात्यावर टाकले, ते मागे घेतो. पण 'धाकटे स्वामी'चं जे तुम्ही सांगितलंत तेच मी म्हणतोय. मराठी बोलणाऱ्यानं मराठी शब्द घडवला. तसं सगळ्यांचं व्हावं.

मास्तरांच्या मठाबद्दल मात्र थोडं. अमरकोश मान्य, सालीमठही मान्य. पण त्यावरून इथलं शिक्षण मठांतूनच आलं असा समज व्हायला नको. के.एल.ई. म्हणजे कर्नाटक लिंगायत एज्युकेशन संस्था १९१६ साली बेळगावात निघाली. काढणाऱ्या सात जणांना कन्नडात 'सप्तर्षी' म्हणतात, पण त्यांच्यात मठाचा स्वामी एकही नव्हता. १९३३ च्या लिंगराज कॉलेजला नाव आहे ते शिरसंगीच्या देसायांचं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं उभी केली, ती दरबारच्या आणि समाजाच्या पैशावर. आपल्या आजोबांच्या पिढीनं 'बोर्डिंग' शब्द इंग्रजीतून घेतला आणि तो इतका मराठी झाला की 'बोर्डिंगात राहून शिकलो' हे वाक्य अभिमानानं सांगतात. म्हणजे वसतिगृह, बोर्डिंग, प्रसाद निलय या तीन शब्दांमागं तीन वेगळे दाते आहेत : सरकार, समाज आणि मठ.

साळमास्तर (चिकोडी तालुका)

काका, मग हे माझंच म्हणणं झालं. दाते तीन असतील तर शब्दही तीन हवेत.

कुलपतीचं मात्र तुमचं बरोबर. ते पंथाचं नाव नाही, सरकारी पद आहे. तिथं मराठी वाचकाला कुलगुरूच लिहायला हवं. माझ्या नियमात ही फट होती. पद सरकारचं असेल तर मराठीचा ठरलेला शब्द, दीक्षा असेल तर दीक्षा देणाऱ्यांचा शब्द. वर्गात सोमवारपासून असंच सांगणार आहे.

शेडबाळकर

मास्तर, समदं वाचलं. एक इचारू? पोरीनं 'बसदी' लिवलं म्हणता. आमच्यात आमी 'बस्ती' म्हणतो. बस्तीला जाऊन आलो, बस्तीत आरती हाय. बसदी कन्नड बोलणारे म्हणत्यात. बेळगावच्या किल्ल्यातली ती कमल बसदी, तिथल्या पाटीवर बसदी हाय. पण आमच्या आईच्या तोंडात बस्तीच. तुमी पोरीच्या आजीचा शब्द म्हणून भांडताय, आन् तुमीच धाग्याच्या वर एक बस्ती, खाली एक बसदी लिवलंय.

निपाणीची लेक

शेडबाळकर दादा, बरं झालं बोललात. आणि गंमत बघा, बसदी काय न् बस्ती काय, मूळ संस्कृत 'वसति'च. तिचंच काकांचं वसतिगृह आणि तिचीच आपली गावठाणाबाहेरची वस्ती.

साळमास्तर (चिकोडी तालुका)

दादा, खरं आहे. मथळ्यात माझ्या हातून बस्ती आलं ते माझ्या लहानपणातून. वर्णनात मुलीचं होतं तसं दिलं. तिनं तो शब्द कदाचित सहलीच्या दिवशी पाटीवरून घेतला असेल, कदाचित घरचाही असेल. मी विचारलंच नाही. 'क्षुल्लक'साठी एवढा पेटलो आणि त्याच वाक्यातला पहिला शब्द कुणाचा हे बघितलं नाही.

लाल शेऱ्याखाली मी निळ्या पेनानं लिहिलंय : "क्षुल्लक हा शब्द बरोबर आहे." ते गुरुजीही वाचून गेले. त्यांना हा अर्थ ठाऊक नव्हता. मुलीला बोलावून त्यांनी स्वतः सांगितलं की चूक माझी होती. उद्या वही परत देतो आणि तिला विचारतो, आजी घरी बसदी म्हणते की बस्ती.