फायरफॉक्सनं जाहिरातीच्या धंद्यात उतरावं का?

सेतूवाला_दारव्हा
गावात केंद्र चालवतो. तीन कॉम्प्युटर, तिन्ही म्हातारे. सातबारा, पीकविमा, महाडीबीटीचे अर्ज. काही वर्षांपूर्वी तिन्हींवर फायरफॉक्स हा ब्राउझर टाकला, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. कारण साधं होतं. एका आजोबांनी भलत्याच 'डाउनलोड' बटणावर क्लिक केलं. ती जाहिरात निघाली आणि मशीन दुपारभर बंद. तेव्हापासून 'फोनात काय टाकू' विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आलो. वीसेक जणांच्या फोनात मीच टाकून दिलं. 'हा तुमच्या मागं हेर लावत नाही' असा शब्दही दिला.

मग जून २०२४ मध्ये मोझिलानं, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, ॲनॉनिम ही जाहिरात मोजणारी कंपनी विकत घेतली. काढणारे मेटाचेच माजी अधिकारी. जुलैत फायरफॉक्स १२८ आलं, त्यात जाहिरातीचा परिणाम मोजायची सोय, आधीच टिक मारलेली. ऑक्टोबरात तर उघडच सांगितलं की जाहिरात सुधारायच्या कामात आम्ही उतरतोय.

माझं मत: उतरू नये. जागलीवर ठेवलेला माणूस रानडुकरांशी बोलणी करायला लागला, तर रात्री झोप कशी लागणार?

पऱ्हाटी_ते_पायथन
दादा, जागल्याचा पगार कोण देतं तेही सांगा ना. २०२२ मध्ये मोझिलाचं उत्पन्न सुमारे ५९ कोटी डॉलर होतं, त्यातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास गूगलचे. कशाचे? तर शोधपट्टीत गूगल ठेवायचे. आणि गूगल हे पैसे कापूस विकून आणत नाही, जाहिरातीतूनच आणतं. म्हणजे तुमचा फायरफॉक्स इतकी वर्षं जाहिरातीच्याच विहिरीवर ओलीत करतोय, फक्त मोटर दुसऱ्याची.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या कोर्टानं गूगलला मक्तेदारीबद्दल दोषी धरलं, तेव्हा हे पैसे बंद होतात की काय अशी पाळी आली होती. सप्टेंबर २०२५ च्या निकालात पैसे द्यायची मुभा राहिली, म्हणून वाचले. एकाच व्यापाऱ्यावर घर चालतं तेव्हा भाव कोण ठरवतं, हे दारव्ह्याच्या माणसाला शिकवायला नको.

ठेचा_भाकर
जाहिरातीले कोन नाई म्हनते बाप्पा? आमच्या गावात एस्टी स्टँडपासून देवळापर्यंत सगळ्या भितीवर बियाण्याच्याच जाहिराती हायेत. पण भित घरी येत नाई नं मांगंमांगं. म्या एकदा फोनात कर्जाचं काय ते पाह्यलं, तर पंधरा दिवस कर्जाच्या ॲपनं पिच्छा सोडला नाई. बायकोच्या फोनात बी तेच. तिले वाटलं म्या कर्ज काढून राह्यलो! दोन दिवस बोलली नाई.

भितीवर लिहा नं. फोन पाहून काहून लिहिता?

गणिताचे_सर
भाऊ, नेमकं तेच तर टाळायचं म्हणताहेत. भिंत रंगवणाऱ्यालाही एवढं कळायला हवं ना, की वाचून किती जणांनी बियाणं घेतलं? कोणी घेतलं हे न कळता, फक्त किती जणांनी.

वर्गात मी असं समजावतो. गावावर सावकाराचं एकूण कर्ज किती, हे काढायचं आहे, पण कोणाचं किती हे कळू द्यायचं नाही. प्रत्येकानं मनात एक वाटेल तो आकडा धरायचा. पोस्टमनला तो आकडा सांगायचा, आणि दुकानदाराला कर्ज अधिक तोच आकडा. दोघांनी आपापल्या बेरजा करायच्या, एकातून दुसरी वजा करायची. गावाचं कर्ज आलं, आणि पोस्टमनला किंवा दुकानदाराला एकट्याला कोणाचंच कळलं नाही. फायरफॉक्सच्या त्या मोजणीचा गाभा हाच होता. एक हिस्सा मोझिलाकडे जायचा, दुसरा आयएसआरजीकडे, म्हणजे वेबसाइटना फुकट सुरक्षा-प्रमाणपत्र देणारं 'लेट्स एन्क्रिप्ट' चालवणारी संस्था. सुंदर गणित आहे हो, उगाच शिव्या देऊ नका.

संत्र्याची_फोड
पोस्टमन आणि दुकानदार संध्याकाळी एकाच टपरीवर चहा घेत असतील तर, सर?

पण ते सोडा. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या नॉइब या खासगीपणासाठी लढणाऱ्या संस्थेनं मोझिलाविरुद्ध तक्रार केली ती गणितावर नव्हती, न विचारता चालू केलं यावर होती. फायरफॉक्सच्या तांत्रिक प्रमुखांचं ती सोय आली तेव्हाचं म्हणणं असं, की ही व्यवस्था लोकांना समजावणं अवघड, म्हणून आधी विचारण्यात फारसा अर्थ नाही. अवघड? तुम्ही आत्ता पोस्टमन-दुकानदारात समजावलं. माझ्या आईला वाचून दाखवलं, तिला समजलं. वर म्हणाली, मग मी माझा आकडा सांगणारच नाही.

ती 'नाही' म्हणेल याचीच भीती होती, दुसरं काही नाही.

पऱ्हाटी_ते_पायथन
विचारूनही धंदा होतो, हे मान्य. ब्रेव्ह हा दुसरा ब्राउझर आहेच की. तो दुसऱ्यांच्या जाहिराती अडवतो, स्वतःच्या दाखवतो, त्यातल्या नोटिफिकेशनच्या जाहिराती तुम्ही हो म्हटलं तरच, आणि त्यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा क्रिप्टो टोकनच्या, म्हणजे डिजिटल नाण्याच्या, रूपात बघणाऱ्याला. पण २०२० मध्ये त्याच ब्रेव्हमध्ये एका क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप केला की मागं ब्रेव्हचा दलालीचा कोड आपोआप चिकटायचा. माफी मागावी लागली. तेव्हा टिक विचारून मारली म्हणजे सोवळं झालं, असंही नाही.

आणि दादा, फायरफॉक्स बुडालं तर जाणार कुठं? क्रोमनं जुनं यूब्लॉक ओरिजिन बंद केलंय. तुमच्या आजोबांचं ते बटण परत येईल.

सेतूवाला_दारव्हा
म्हणून तर जीव तुटतो. सोडवत नाही आणि पटतही नाही.

सरांचं गणित चूक आहे असं मी म्हणतच नाही. माझी तक्रार त्या वीस फोनांची आहे. लोकांनी मोझिलावर विश्वास ठेवला नव्हता, त्यांना मोझिला माहीतही नाही. माझ्यावर ठेवला होता. त्या टिकेचं कळलं तेव्हा मी बाजाराच्या दिवशी एकेकाला गाठून फोन मागत बसलो. दोघं म्हणाले, 'तूच तं टाकलं होतं नं?' काय सांगू?

ठेचा_भाकर
राग नको मानू भाऊ, पण एक इचारतो. तुह्या केंद्रात अर्ज भरताना 'मी सर्व अटी वाचल्या, मला मान्य आहेत' ची टिक कोन मारते? मागच्या खेपेले माह्या अर्जावर कोनं मारली?

सेतूवाला_दारव्हा
मीच मारली. सगळ्यांच्या मीच मारतो. रांग असते बाहेर, अटी वाचत बसलो तर दिवसाला चार अर्ज होतील.

गणिताचे_सर
मोझिलाही हेच म्हणत होती.

सेतूवाला_दारव्हा
हो सर. लागलं.

बाहेर फार्मर आयडीसाठी सहा जण बसलेत. रात्री बोलतो.

ठेचा_भाकर
जा, पन पहिल्याले तरी वाचून दाखवजो.